‘दा डू रॉन रॉन’चा अर्थ काय? एली ग्रीनिचच्या गाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रॉनेट्स या तीन मुलींच्या अमेरिकन गटाचं ‘बी माय बेबी’ हे १९६३ सालचं गाणं ऐकायला सुचवलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली. गायिकेचा आवाज, ढोलाचा तो सुरुवातीचा ठोका, ध्वनिमुद्रण करणारा फिल स्पेक्टर, सगळ्यांची दखल वाचकांनी घेतली. गाणं रचणाऱ्या एली ग्रीनिचचं नाव मात्र मोजक्याच पत्रांत होतं. म्हणून या वेळचं सदर तिच्या कामासाठी राखून ठेवलं आहे.

प्रश्न (नाशिक) : एली ग्रीनिच कोण? गीतकार की संगीतकार?

दोन्ही. आपल्याकडे तबकडीवर गीत, संगीत, गायन अशी तीन नावं वेगळी छापायची पद्धत होती, त्यामुळे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. न्यूयॉर्कच्या त्या धंद्यात बहुधा जोडी पियानोवर एकत्र बसायची आणि शब्द-चाल एकदमच जन्माला यायची.

एलीचा जन्म २३ ऑक्टोबर १९४० चा, ब्रुकलिनमधला. लहानपणीच घर लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाऊनला हलवलं. तिचं पहिलं वाद्य अ‍ॅकॉर्डियन. कॉलेज संपवून तिने शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांतच ती नोकरी सोडून पूर्णवेळ गाण्यांकडे वळली. ब्रॉडवेवरच्या १६१९ क्रमांकाच्या ब्रिल बिल्डिंगमध्ये जेरी लीबर आणि माइक स्टोलर या रचनाकार जोडगोळीच्या कचेरीत तिला काम मिळालं. ऑक्टोबर १९६२ मध्ये तिचं जेफ बॅरीशी लग्न झालं आणि पुढची गाणी दोघांनी मिळून लिहिली. १९६५ च्या अखेरीस घटस्फोट झाला. म्हणजे जी गाणी आज साठ वर्षांनंतरही वाजतात त्यांतली बहुतेक जेमतेम तीन वर्षांतली आहेत : क्रिस्टल्सची ‘दा डू रॉन रॉन’ आणि ‘देन ही किस्ड मी’, रॉनेट्सची ‘बी माय बेबी’ आणि ‘बेबी, आय लव्ह यू’, डिक्सी कप्सचं ‘चॅपल ऑफ लव्ह’, शांग्री-लाजचं ‘लीडर ऑफ द पॅक’. २६ ऑगस्ट २००९ ला न्यूयॉर्कमध्ये तिचं निधन झालं.

प्रश्न (सोलापूर) : ‘दा डू रॉन रॉन’ म्हणजे काय? शब्दकोशात सापडत नाही.

सापडणार नाही, कारण तो शब्दच नाही. चाल बांधताना ओळीच्या शेवटी जागा धरून ठेवायला ही अक्षरं घातली होती. खरे शब्द नंतर बसवायचे होते. स्पेक्टरला तीच आवडली आणि ती राहिली. एप्रिल १९६३ मध्ये गाणं बाजारात आलं आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

पण ‘अर्थ नाही’ म्हणून ती भरताड समजू नका. एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘दा’ आणि ‘डू’ या दोन्ही अक्षरांत जीभ टाळ्याला-दाताला आपटून सुटते, म्हणजे आवाजालाच ठोका मिळतो. ‘रॉन’मध्ये स्वर उघडतो आणि ‘न’वर तोंड जवळजवळ मिटून गुंजन होतं. तीन-चार मुली एका वेळी गात असताना ‘न’वर त्यांचे आवाज एकमेकींत मिसळतात, तिथे ‘स’ किंवा ‘ट’ असता तर प्रत्येकीचा वेगळा ऐकू आला असता आणि ओळीची कड फाटली असती. शाहिरामागे झीलकरी ‘जी जी रं जी’ ओढतात तेव्हा तेच काम होतं : गोष्ट सांगणाऱ्याला श्वास मिळतो, ऐकणाऱ्याला सोबत म्हणायला जागा मिळते. या गाण्यातही मुलगी एक ओळ सांगते, अक्षरं येतात. दुसरी सांगते, पुन्हा अक्षरं. पुढच्या कडव्यात काय घडणार हे ठाऊक नसलेला श्रोताही पहिल्या वीस सेकंदांत गाऊ लागतो.

प्रश्न (पुणे) : मी हार्मोनियम वाजवतो. ‘बी माय बेबी’ची चाल हाताला लागली, पण साथ केली की गाणं बेचव होतं. काय चुकतं?

चाल सोपी आहे, साथ सोपी नाही. एलीचं कसब नेमकं इथेच दिसतं, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

मूळ ध्वनिमुद्रणात सा पांढरी तीनचा आहे. सरावाला पांढरी एक घ्या; सगळे सूर डोळ्यांसमोर राहतात. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरा.

कडव्याचा पहिला भाग ८ आवर्तनांचा. सा-ग-प हे तीन सूर एकत्र दाबून दोन आवर्तनं, मग रे-म-ध एक आवर्तन, मग प-नी-रे-म एक आवर्तन. हेच पुन्हा एकदा. इथवर सगळं बिलावलच्या सुरांत आहे, घरातल्या घरात.

दुसरा भागही ८ आवर्तनांचा, प्रत्येक जोड (एकत्र दाबायचे सूर) दोन-दोन आवर्तनं :
ग – कोमल ध – नी – रे
ध – कोमल रे – ग – प
रे – तीव्र म – ध – सा
प – नी – रे – म

आणि मग धृपद, पुन्हा दोन-दोन आवर्तनं : सा-ग-प, ध-सा-ग, म-ध-सा, प-नी-रे.

आता दुसऱ्या भागाकडे नीट बघा. जोडांचे मूळ सूर ग, ध, रे, प असे जातात आणि शेवटी सा वर पोचतात. प्रत्येक पाऊल षड्ज-मध्यम भावाचं आहे : ग ला सा मानलं तर ध हा त्याचा मध्यम, ध ला सा मानलं तर रे हा मध्यम, असं सरळ शेवटपर्यंत. त्याहून देखणी गोष्ट म्हणजे उपरे सूर. पहिल्या जोडातला कोमल ध अर्ध्या सुराने वर सरकून शुद्ध ध वर बसतो, आणि तोच पुढच्या जोडाचा मूळ सूर. कोमल रे चढून रे होतो. तीव्र म चढून प होतो. शेवटी नी चढून सा वर येतो, आणि त्याच क्षणी धृपद सुरू होतं. शब्दांत मुलगी विनवण्या करत असते. सुरांत चार वेळा दार ढकललं जातं आणि पाचव्या वेळी ते उघडतं. ऐकणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं, पण धृपद आलं की त्याला हायसं वाटतं.

तुमची पहिली चूक बहुधा ही : दुसऱ्या भागात तुम्ही ग-प-नी, ध-सा-ग, रे-म-ध असे घरचेच सूर दाबत असणार. चाल त्यावरही बसते, म्हणून चूक कानाला लगेच टोचत नाही. पण उपरे सूर गेले की ओढ गेली. बेचव लागतं ते त्यामुळे.

दुसरी चूक तानपुऱ्याची किंवा धरून ठेवलेल्या सा-प ची. कोमल रे आला की सा शी भांडतो, कोमल ध प शी भांडतो. या गाण्याला तानपुरा बंद ठेवा. इथे आधार सतत पायाखालून सरकतो, आणि तसा तो सरकायलाच हवा.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, सवय : प्रत्येक जोडाला भाता जोरात मारू नका. दोन आवर्तनं हवा सारखी ठेवा. जोर फक्त चौथ्या जोडाला, प-नी-रे-म ला द्या.

प्रश्न (सांगली) : तोच सुरुवातीचा ठोका तबल्यावर किंवा ढोलकीवर कसा काढावा? केरवा लावला तर जुळत नाही.

८ मात्रांचं आवर्तन बरोबर आहे, फक्त केरवा सगळ्या मात्रा भरतो. इथे चारच मात्रांवर हात पडतो. १, ४ आणि ५ वर घुमारा, ७ वर करकरीत चाट. बोलांत मांडायचं तर : घे – – घे घे – ना – . मात्रा २, ३, ६, ८ रिकाम्या. गती अशी ठेवा की ८ मात्रा दोन सेकंदांच्या आत संपतील. मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास, एक ठोका दोन मात्रांचा.

तिसऱ्या मात्रेवर चाट द्यायचा मोह आवरा. त्या काळच्या बहुतेक पॉप गाण्यांत तिसऱ्या आणि सातव्या अशा दोन्ही मात्रांवर ती पडते. ढोलवादक हॅल ब्लेन सांगत असे की पहिल्या वेळी ती चुकून निसटली आणि मग त्याने तीच चूक पुढे चालू ठेवली. त्या रिकाम्या जागेमुळे सातवी मात्रा दुप्पट मोठी वाटते. गाण्याच्या शेवटाकडे सगळी वाद्यं थांबून हाच ठोका एकटा परत येतो, तिथे ऐकून हात बसवा.

प्रश्न (ठाणे) : या गाण्यांवर स्पेक्टरचंही नाव रचनाकार म्हणून आहे. मग श्रेय एलीला कसं?

तिघांची नावं आहेत आणि तिघे एकत्र बसत, हे खरं. कोणाचा सूर कुठला हे आता वेगळं काढता येत नाही आणि काढायचा हट्टही आम्ही धरणार नाही. पण एक कसोटी आहे : स्पेक्टरचं नाव नसलेली, फक्त ग्रीनिच आणि बॅरी यांची गाणी घ्या. ‘डू वा डिडी डिडी’ आधी एक्सायटर्सने गायलं आणि १९६४ मध्ये मॅनफ्रेड मॅन या इंग्लिश गटाने पहिल्या क्रमांकावर नेलं. ‘हँकी पँकी’ १९६६ मध्ये टॉमी जेम्स आणि शाँडेल्स यांनी पहिल्या क्रमांकावर नेलं. लेस्ली गोरचं ‘मेबी आय नो’ ऐका. अक्षरांशी खेळ, प्रश्न-उत्तराची बांधणी, दहा सेकंदांत ओळख पटवणारं धृपद, सगळं तिथेही आहे. गोल्ड स्टार स्टुडिओत स्पेक्टर अनेक वाद्यं एकत्र वाजवून जी आवाजाची भिंत उभी करायचा, ती तेवढी नाही. म्हणजे भिंत स्पेक्टरची आणि घराचा आराखडा बराचसा या जोडीचा, असं आमचं मत.

उलट बाजूही सांगायला हवी. ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ (१९६६, आवाज टीना टर्नरचा) हे तिघांचंच गाणं अमेरिकेत ८८ व्या क्रमांकापुढे गेलं नाही, इंग्लंडमध्ये मात्र तिसरं आलं. तिघांनी आपापला तुकडा आणून ते जोडलेलं आहे, आणि सांधे ऐकू येतात. आम्हाला ते गाणं प्रिय आहे, पण बांधणी म्हणून ‘बी माय बेबी’ची सर त्याला नाही.

प्रश्न (नागपूर) : कॅरोल किंगही याच इमारतीत लिहायची ना?

नाही, हा गोंधळ नेहमीचा आहे. किंग आणि तिचा नवरा जेरी गॉफिन रस्त्यापलीकडे, ब्रॉडवेवरच्याच १६५० क्रमांकाच्या इमारतीत आल्डन म्युझिकसाठी लिहीत. ‘ब्रिल बिल्डिंगची गाणी’ हे आता शैलीचं नाव झालं आहे, पत्त्याचं नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या कॉलेजच्या चार मुलींच्या गटासाठी याच धर्तीवर मराठी गाणं करायचं आहे. शब्द बसवले की गाणं जड होतं.

आधी शब्द लिहू नका. १३० च्या गतीत अडीच मिनिटांचं गाणं म्हणजे चार ठोक्यांची साधारण ८१ आवर्तनं, म्हणजे ८-८ आवर्तनांचे दहा तुकडे. सुरुवात ४, कडवं १६, धृपद ८, कडवं १६, धृपद ८, मधलं वाद्य ८, मग धृपद दोनदा : ७६ झाली. उरलेल्यात आवाज हळूहळू विरू द्या. तिसरं कडवं घालायची इच्छा होईल, घालू नका. ही गाणी एकच क्षण सांगतात, पूर्ण हकिकत नाही.

मग चाल ‘ल ला ला’वर पक्की करा आणि रेकॉर्ड करून दोन दिवसांनी ऐका. जिथे तुमच्याच तोंडात नकळत काही अक्षरं बसली असतील ती ठेवा.

शीर्षक तीन ते पाच अक्षरांचं घ्या आणि ते आ, ए किंवा ओ ने संपू द्या. ‘येशील ना’ उघडं राहतं, ‘तुझी वाट’ ट वर कापलं जातं. ठोक्यावर गुरू अक्षर आणा. मराठीत जडपणा येतो तो बहुधा जोडाक्षरांमुळे : ‘प्रत्यक्ष’, ‘अस्वस्थ’ असे शब्द या गतीत गाणाऱ्याची जीभ अडवतात. मुली मैत्रिणीशी बोलतात ती भाषा घ्या. एली आणि जेफ यांच्या ओळी कागदावर वाचल्या तर अगदी साध्या दिसतात. सोमवारी भेटलेल्या मुलाचं नाव काय, एवढंच ‘दा डू रॉन रॉन’चं पहिलं कडवं सांगतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं : मागच्या तिघींना फक्त ‘आऽऽ’ देऊ नका. ‘बी माय बेबी’च्या धृपदात शीर्षकाचे शब्द आधी मागच्या मुली म्हणतात; पुढची गायिका विनवणीचं अर्धं वाक्य सोडते आणि ते वाक्य त्या पुरं करतात. त्या काढून टाकल्या तर वाक्य लंगडं होतं. तुमच्या गाण्यातल्या मागच्या तिघींना गप्प करून पाहा. अर्थ तसाच राहिला, तर त्यांचा भाग पुन्हा लिहा.

प्रश्न (बेळगाव) : एवढ्या खपाच्या गाण्यांतून रचनाकाराला किती मिळायचं?

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे एका गाण्याला २ सेंट, आणि हा दर १९७७ अखेरपर्यंत तसाच होता. साधारण रिवाज असा की निम्मे प्रकाशकाचे, निम्मे रचनाकारांचे. तीन रचनाकार असतील तर एका सेंटचे तीन भाग. दहा लाख प्रती खपल्या तर प्रत्येकाला सुमारे ३,३३३ डॉलर, तेही करारात कपात नसेल तर. खरी पुंजी जमते ती रेडिओवर वाजण्यातून आणि इतरांनी गायलेल्या आवृत्त्यांतून. अमेरिकेत नभोवाणी केंद्रं रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे देतात, गायिकेला देत नाहीत. ‘बी माय बेबी’ रेडिओवर लागलं की एलीच्या खात्यात भर पडायची, आणि जिच्या आवाजाने ते ओळखलं जातं त्या रॉनीच्या खात्यात काही नाही. हा अन्याय रचनाकाराच्या बाजूने झाला तरी अन्यायच.

प्रश्न (पणजी) : ‘लीडर ऑफ द पॅक’ मध्ये मुली गातात कमी, बोलतात जास्त. हे गाणं म्हणायचं का?

म्हणायचं, आणि कौतुकाने म्हणायचं. नोव्हेंबर १९६४ मध्ये ते अमेरिकेत पहिलं आलं. जॉर्ज ‘शॅडो’ मॉर्टन तिसरा रचनाकार. घरच्यांना नको असलेला मोटरसायकलवाला मुलगा, ताटातूट, अपघात, एवढी गोष्ट तीन मिनिटांच्या आत. सुरुवातीला मैत्रिणी विचारतात आणि ती सांगते, त्यामुळे मागच्या आवाजांना पात्रं मिळतात. त्या नुसत्या कोरस राहत नाहीत. मेरी वाइस गायली तेव्हा पंधरा वर्षांची होती. करायला घेतलंत तर बोलायच्या ओळी नाटकी करू नका. मेरी त्या जवळजवळ सपाट बोलते, रडू आवरल्यासारखी, आणि म्हणूनच अपघाताच्या वेळची ओरड अंगावर येते.

प्रश्न (दादर) : ऐकायला सुरुवात कुठून करावी? आणि फोनवर ही गाणी पातळ का वाटतात?

पातळ वाटण्याची दोन कारणं तपासा. एक, आवृत्ती. साठच्या दशकातल्या अनेक गटांनी आपली गाणी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी नव्याने गायली आणि तीच ऑनलाइन पुष्कळदा आधी समोर येतात. ‘बी माय बेबी’ची लांबी २ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास नसेल किंवा शेजारी १९६३ च्या मूळ फिलीज कंपनीचा उल्लेख नसेल तर पुढे जा. दोन, स्टिरिओ. ही ध्वनिमुद्रणं मोनोसाठी, म्हणजे सगळा आवाज एकाच स्पीकरमधून येईल अशी बनवलेली आहेत. गिटार, पियानो, शेकर एकमेकांत विरघळून एकच मोठा आवाज व्हावा अशी योजना होती. कृत्रिमरीत्या दोन बाजूंना वाटलेल्या आवृत्तीत ती विरघळत नाहीत. शीर्षकात ‘मोनो’ लिहिलेली आवृत्ती निवडा आणि इयरफोनऐवजी एकाच छोट्या स्पीकरवर लावा.

सुरुवात मात्र या प्रसिद्ध गाण्यांपासून करू नका, असं आम्ही सुचवू. आधी रेनड्रॉप्स या गटाचं ‘द काइंड ऑफ बॉय यू कान्ट फर्गेट’ (१९६३, अमेरिकेत १७ वं) ऐका. गट कसला, एली आणि जेफ ही दोघंच आहेत. एलीला न्यूयॉर्कमध्ये डेमोंची, म्हणजे नमुना ध्वनिमुद्रणांची, राणी म्हणत, कारण गाणं कंपनीला ऐकवायचं असलं की सगळे आवाज ती स्वतःच भरायची. इथे पुढची गायिका एली, मागच्या मुली एली, त्यांच्यावरचा उंच आवाजही एलीच, थरावर थर. खालचा खर्ज जेफचा. पहिल्यांदा पुढचा आवाज धरून ऐका. दुसऱ्यांदा तो सोडून फक्त मागचे आवाज धरा : कुठे उत्तर देतात, कुठे थांबतात, कुठला स्वर लांबवतात. तिसऱ्यांदा नुसता खर्ज. मग लगेच ‘चॅपल ऑफ लव्ह’ लावा. डिक्सी कप्सच्या तिघी मुली न्यू ऑर्लिन्सच्या, रेड बर्ड कंपनीची ही पहिलीच तबकडी, आणि जून १९६४ मध्ये तिने बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’ला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं. तिघी कुठे एकत्र आहेत आणि कुठे वेगळ्या होतात यावर कान ठेवा. रेनड्रॉप्स आधी ऐकलेलं असलं की ते आपोआप कळतं.

तिचा आवाज पुढेही सापडतो, तबकडीच्या दर्शनी भागावर नसला तरी : अरीथा फ्रँकलिनच्या ‘चेन ऑफ फूल्स’ मागच्या आवाजांत ती आहे, ब्लाँडीच्या ‘इन द फ्लेश’ मध्येही आहे.